एक जहाज, पाच देश आणि तीन प्रवेश

ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला आम्ही जी क्रूझ केली, ती ग्रीसमधील पिरायस बंदरातून निघून तुर्कस्तानातील कुशादासी, पुन्हा ग्रीसची ऱ्होड्स व सँटोरिनी ही बेटे, माँटेनेग्रोतील कोटोर आणि क्रोएशियातील दुब्रॉवनिक असे थांबे घेत इटलीतील त्रिएस्ते येथे संपणारी होती. माहितीपत्रकात हा सगळा मार्ग एका सुबक निळ्या रेषेने दाखवलेला होता. सामान एकदाच उघडायचे आणि देश मात्र पाच पाहायचे, हे त्या रेषेचे आकर्षण होते. मात्र भारतीय पारपत्र असलेल्या प्रवाशाला ही रेषा किती ठिकाणी सीमा ओलांडते आणि कोणत्या सीमेवर कोणता कागद लागतो, हे त्या माहितीपत्रकात कोठेही नव्हते. व्हिसाच्या मथळ्याखाली एकच वाक्य होते : आवश्यक ती सर्व प्रवासी कागदपत्रे मिळवण्याची जबाबदारी प्रवाशाची राहील.

आम्ही चौघे जाणार होतो. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पैसे भरण्याआधी सगळे समजून घ्यावे म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बंदरांची यादी केली आणि प्रत्येकापुढे ते शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येते की नाही, ते लिहिले. ग्रीस आत, तुर्कस्तान बाहेर, पुन्हा ग्रीस आत, माँटेनेग्रो बाहेर, क्रोएशिया आत, इटली आत. म्हणजे विमानाने अथेन्सला उतरताना पहिला प्रवेश, कुशादासीहून ऱ्होड्सला येताना दुसरा आणि कोटोरहून दुब्रॉवनिकला येताना तिसरा. युरोपात एकदाच जाणार असा आमचा समज असला, तरी कायद्याच्या हिशेबाने आम्ही शेंगेन क्षेत्रात तीनदा प्रवेश करणार होतो. जहाज तेच आहे, खोली तीच आहे आणि कपडे कपाटातच लटकत आहेत, याला सीमेच्या दृष्टीने काहीही अर्थ नसतो. व्हिसाच्या अर्जात ‘किती प्रवेश हवेत’ या प्रश्नापुढे एक, दोन आणि अनेक असे पर्याय असतात. तुर्कस्तान तेवढे लक्षात राहिलेला माणूस ‘दोन’वर खूण करून मोकळा होईल आणि दुब्रॉवनिकला अडकेल. क्रूझच्या बाबतीत मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम हेच, की बंदरे मोजू नयेत, प्रवेश मोजावेत.

इथे जुन्या माहितीचा एक सापळा आहे. या मार्गाविषयी परिचितांनी दिलेल्या सल्ल्यांत क्रोएशिया शेंगेनबाहेर धरलेला होता आणि तो त्यांच्या काळापुरता बरोबरही होता. क्रोएशिया युरोपीय संघात २०१३ साली आला. शेंगेन क्षेत्रात मात्र १ जानेवारी २०२३ रोजी आला आणि त्याच दिवशी तेथे युरो हे चलन लागू झाले. त्यामुळे आता दुब्रॉवनिक ते त्रिएस्ते हा प्रवास सीमेच्या दृष्टीने एका देशातील प्रवासासारखा आहे आणि कोटोर ते दुब्रॉवनिक हे मोटारीने जेमतेम दोन-तीन तासांचे अंतर मात्र शेंगेन क्षेत्राची बाहेरची सीमा आहे. माँटेनेग्रो युरो वापरतो, परंतु तो युरोपीय संघातही नाही आणि शेंगेनमध्येही नाही. चलनावरून सीमेचा अंदाज बांधणाऱ्याची तेथे हमखास फसगत होते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा पुढचा प्रश्न होता. नियम असा आहे, की ज्या शेंगेन देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करावा. मुक्काम सारखाच असेल, तर जेथे पहिला प्रवेश होणार, त्या देशाकडे. आम्ही जहाजावर चढण्याआधी अथेन्समध्ये राहणार होतो, ऱ्होड्स व सँटोरिनी हेही ग्रीसचेच दिवस होते. इटलीत शेवटी व्हेनिसमधला छोटा मुक्काम आणि क्रोएशियात एक दिवस. त्यामुळे ग्रीस हे उत्तर सरळ होते. सरळ नव्हते ते भर समुद्रातील दिवसांचे. सँटोरिनीहून कोटोरकडे जाताना एक पूर्ण दिवस जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही. तो दिवस कोणाच्या खाती मांडायचा, यावर नवऱ्याने आणि मी बराच ऊहापोह केला आणि अखेरीस तो कोणाच्याही खाती न मांडता तक्त्यात ‘समुद्रात’ एवढेच लिहिले. त्याबद्दल आम्हाला कोणी विचारले नाही.

हा तक्ता मी अर्जासोबतच्या विनंतीपत्रात घातला. तारीख, बंदर, देश, जहाज लागण्याची व सुटण्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात ‘शेंगेन प्रवेश’ किंवा ‘शेंगेनबाहेर’. तिन्ही प्रवेश ठळक अक्षरांत केले आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात अनेक प्रवेशांचा व्हिसा का हवा, ते दोन वाक्यांत लिहिले. क्रूझ कंपनीने पाठवलेली आरक्षणाची पावती या कामी फारशी उपयोगी नव्हती, कारण तीत जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक आणि रक्कम एवढेच होते. बंदरांच्या वेळांसह, चारही प्रवाशांची पारपत्रावरील संपूर्ण नावे असलेले पत्र त्यांच्याकडून मागून घ्यावे लागले. ते पहिल्या वेळी आले तेव्हा सासूबाईंच्या नावातले मधले नाव गळलेले होते. आपल्याकडे पारपत्रात ‘दिलेले नाव’ या ओळीत स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन्ही नावे येतात. एजंट आरक्षण करताना घरी हाक मारायचे नाव आणि आडनाव घालून पुढे जातो. नावाचा शेवटचा निवाडा पारपत्राच्या पहिल्या पानाच्या तळाशी असलेल्या, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या त्या दोन ओळी करतात, कारण काउंटरवरचे यंत्र त्याच वाचते. आम्ही जहाज, विमान, विमा आणि व्हिसा या चारही ठिकाणचे नाव त्या ओळींशी अक्षर न् अक्षर जुळवून घेतले.

सासूबाईंच्या पारपत्राची मुदत हा आणखी एक मुद्दा निघाला. शेंगेनच्या नियमानुसार तेथून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर पारपत्र किमान तीन महिने वैध असावे, ते गेल्या दहा वर्षांत काढलेले असावे आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. सासूबाईंच्या पारपत्राला प्रवास संपल्यावर पाच महिने उरत होते, म्हणजे ग्रीसच्या दृष्टीने ते चालण्यासारखे होते. क्रूझ कंपनीच्या अटींत मात्र प्रवास संपल्यापासून सहा महिने असे लिहिलेले होते. देशाचा कायदा सौम्य आणि जहाजाची अट कडक, असा हा प्रकार आम्हाला प्रथम येथे भेटला आणि पुढे आणखी ठळकपणे भेटणार होता. जहाजावर चढू द्यायचे की नाही, हे काउंटरवरची व्यक्ती कंपनीच्या यादीवरून ठरवते. त्या क्षणी तिच्यापुढे ग्रीसचा नियम वाचून दाखवण्यात काही हशील नसते. पारपत्र नवीन काढून घेतले आणि मगच व्हिसाची भेटवेळ घेतली.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस, परंतु प्रकरण तपासायचे ठरले तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. कागदावर ही मुदत ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात उन्हाळी हंगामात भेटवेळच लवकर मिळत नाही आणि दुसऱ्या बाजूने क्रूझची उरलेली रक्कम भरण्याची तारीख जवळ येत असते. आमची ती तारीख निघण्याच्या तीन महिने आधीची होती आणि त्यानंतर रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम दर पंधरवड्याला वाढत जाणार होती. व्हिसा मिळेल की नाही हे कळण्याआधी जहाजाचे सगळे पैसे अडकवायचे, असा हा पेच आहे, आणि त्यातून सुटण्याचा एकच मार्ग आहे : सहा महिन्यांची मुदत उघडताच भेटवेळ घ्यावी, म्हणजे निकाल त्या तारखेच्या आधी हाती येतो. व्हिसा नाकारला गेल्यास प्रवासखर्च भरून देणारा विमा असतो, पण त्याच्या अटी नीट वाचल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नये.

शुल्काची रक्कम जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे, आणि व्हिसा मिळो अथवा न मिळो, यांतले काही परत मिळत नाही. मुलासाठी जन्मदाखला आणि दोघा पालकांच्या सह्या लागल्या. विम्याची अट किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाची आहे. परंतु केवळ शेंगेन देशांपुरता विमा घेतला, तर कुशादासी आणि कोटोरचे दिवस उघडे राहतात, म्हणून आम्ही सर्व देश धरणारा विमा घेतला. बँकेची विवरणे, आयकराची कागदपत्रे, रजेचे पत्र हे सगळे इतर कोणत्याही शेंगेन अर्जासारखेच होते. त्यात क्रूझमुळे वेगळे काही नव्हते.

एक तपशील मात्र सांगण्यासारखा आहे. क्रूझच्या तिकिटावर शेवटचे बंदर ‘व्हेनिस (त्रिएस्ते)’ असे छापलेले होते. व्हेनिसच्या जुडेक्का कालव्यातून मोठी जहाजे नेण्यास इटलीने ऑगस्ट २०२१ पासून बंदी घातली आहे. त्यामुळे आज ज्या क्रूझा व्हेनिसच्या नावाने विकल्या जातात, त्यांतील बऱ्याच प्रत्यक्षात त्रिएस्ते किंवा राव्हेना येथे लागतात. तिथून व्हेनिस रेल्वेने किंवा बसने गाठावे लागते. आमचे हॉटेल व्हेनिसचे आणि जहाज त्रिएस्तेला, म्हणजे अर्ज तपासणाऱ्याला मध्ये एक तुकडा गहाळ दिसला असता. आम्ही तक्त्यात त्रिएस्ते असेच लिहिले आणि पुढच्या रेल्वेप्रवासाची ओळ जोडली.

व्हिसा लागून पारपत्रे परत आली, तेव्हा मी लिफाफा उघडून सर्वांत आधी स्टिकरवरील प्रवेशसंख्येचा रकाना पाहिला. तेथे चौघांच्याही पारपत्रात ‘मल्ट’ (MULT, म्हणजे अनेक प्रवेश) ही चार रोमन अक्षरे होती. त्यानंतर मुदत पाहिली. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत व्हिसा वैध आहे आणि त्या काळात एकंदर किती दिवस राहता येईल. पहिल्या मुदतीत पंधरा दिवसांची सवलत सहसा धरलेली असते, म्हणून ती दिवसांच्या संख्येपेक्षा लांब दिसते. जास्त दिवस राहण्याची परवानगी असा तिचा अर्थ नाही. हे दोन आकडे वेगळे का, असा प्रश्न सासूबाईंनी विचारला होता आणि तो अगदी रास्त होता.

ग्रीसचा व्हिसा हाती येईपर्यंत तुर्कस्तानचे काम सुरूच करता येत नव्हते. भारतीय पारपत्रावर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो, पण अशी अट आहे, की शेंगेन देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कोणाचा तरी वैध व्हिसा अथवा निवासी परवाना प्रवाशाकडे असला पाहिजे. आधारासाठी दाखवलेला व्हिसा स्वतः ई-व्हिसा असलेला चालत नाही. हा आधार नसेल, तर वकिलातीतून नेहमीचा चिकटवायचा व्हिसा घ्यावा लागतो. माँटेनेग्रोचेही सगळे शेंगेनवरच अवलंबून होते. तिथे भारतीयांना एरवी व्हिसा लागतो, परंतु शेंगेनचा वैध व्हिसा असल्यास तीस दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते. म्हणजे संपूर्ण प्रवास त्या एका स्टिकरवर उभा होता. तो नाकारला गेला असता, तर पाचही देश एकदमच गेले असते.

तुर्कस्तानच्या बाबतीत कायदा आणि जहाज यांच्यातली तफावत अशी काही समोर आली, की त्यावर मी कित्येक संध्याकाळी घालवल्या. तुर्कस्तानच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावरच असे लिहिले आहे, की परदेशी नागरिक क्रूझने बंदरात येऊन ते शहर किंवा शेजारचे प्रांत पाहणार असतील आणि त्यांचा मुक्काम ७२ तासांपेक्षा जास्त नसेल, तर त्यांना व्हिसातून सूट मिळू शकते. क्रूझ तुर्कस्तानात सुरू होणार किंवा संपणार असेल, तर मात्र व्हिसा हवा. आम्ही कुशादासीला सकाळी पोचून संध्याकाळी निघणार होतो. सूट आम्हालाच लागू होती असे वाचून वाटावे. पण त्या वाक्यातील ‘मिळू शकते’ हे क्रियापद लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. ती सूट स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीवर आहे आणि ती परवानगी मिळेल हे घरबसल्या सिद्ध करणारा कोणताही कागद प्रवाशाच्या हाती नसतो. क्रूझ कंपनीला मी लेखी विचारले, तेव्हा उत्तर आले की भारतीय पारपत्रधारकांना जहाजावर चढताना तुर्कस्तानचा व्हिसा दाखवावाच लागेल.

कंपन्या इतक्या ताठर का असतात, हे मला थोडे वाचल्यावर पटले. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणणाऱ्या वाहतूकदाराला दंड करण्याची पद्धत बहुतेक देशांत आहे. युरोपीय संघाच्या २००१ सालच्या निर्देशात तर अशा दंडाची किमान मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ३,००० युरो किंवा कमाल मर्यादा निदान ५,००० युरो ठेवावी, असे सदस्य देशांना सांगितलेले आहे, शिवाय त्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारीही वाहतूकदाराचीच. ज्याला दंड भरावा लागणार, तो ‘मिळू शकते’ या शब्दांवर विसंबणार नाही. प्रवाशाच्या दृष्टीने हे अन्यायाचे वाटले, तरी व्यवहार म्हणून समजण्यासारखे आहे, आणि ई-व्हिसाचे पैसे हे तुर्कस्तानापेक्षा जहाजात चढण्यासाठी भरले, असेच मी मानते.

ई-व्हिसा काढणे सोपे आहे; पण अधिकृत संकेतस्थळ शोधणे तितके सोपे नाही. शोधयंत्रात आधी येणारी पुष्कळशी संकेतस्थळे मध्यस्थांची असतात, ती सरकारी वाटावीत अशी सजवलेली असतात आणि मूळ शुल्कावर आपले शुल्क चढवतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘gov.tr’ ही तुर्कस्तान सरकारची अक्षरे असतात, ती पाहूनच पुढे जावे. देश, पारपत्राचा प्रकार आणि पोचण्याची तारीख निवडल्यावर आधारभूत व्हिसाचा तपशील भरायचा, विपत्रावर आलेला दुवा उघडून पुष्टी द्यायची, पैसे भरायचे आणि कागद डाउनलोड करून घ्यायचा. आम्ही चौघांचे वेगवेगळे छापील कागद प्रत्येकाच्या पारपत्रात घडी करून ठेवले.

यापुढचे खर्च व्हिसाचे नव्हते, पण प्रवेशासाठीच मोजायचे होते, आणि अंदाजपत्रकात ते आधी धरले नाहीत तर नंतर टोचतात. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझने येऊन उतरणाऱ्या प्रवाशांवर शुल्क लावले आहे. जून ते सप्टेंबर या हंगामात सँटोरिनी आणि मिकोनोस या बेटांसाठी २० युरो व इतर बंदरांसाठी ५ युरो, एप्रिल, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत अनुक्रमे १२ व ३ युरो, आणि हिवाळ्यात ४ व १ युरो. म्हणजे आमच्या तारखा एका पंधरवड्याने अलीकडे असत्या, तर सँटोरिनीचे प्रत्येकी आठ युरो अधिक पडले असते. हे शुल्क बंदरावर कोणी हातात मागत नाही; ते जहाजामार्फत वसूल होते. आम्ही आरक्षण केले त्या वेळी शुल्क लागू झालेले नव्हते, म्हणून ते मूळ रकमेत धरले आहे का, असे मी कंपनीला विचारून ठेवले. ते जहाजावरच्या खात्यात जमा होईल, असे उत्तर मिळाले.

अथेन्समध्ये हॉटेलचा वेगळा कर आहे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तीन तारांकित हॉटेलला दर रात्री दर खोलीमागे ५ युरो, चार तारांकित असल्यास १०, आणि तो हॉटेलच्या काउंटरवर द्यावा लागतो. ॲक्रोपोलिस या प्राचीन अवशेषांच्या टेकडीचे तिकीट एप्रिल २०२५ पासून ३० युरो झाले आहे. तेथे दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा असल्यामुळे तिकिटावर तासाची वेळ असते आणि ती आधीच घ्यावी लागते. कुशादासीजवळच्या एफेसस या प्राचीन शहराचे प्रवेशशुल्क ४० युरो आणि आतल्या उतारावरील टप्प्याटप्प्यांच्या प्राचीन घरांचे त्याहून वेगळे. ते जहाजाच्या सहलीत धरलेले असते, पण स्वतः गेल्यास बंदरापासूनच्या वाहनाचा खर्चही धरावा लागतो. दुब्रॉवनिकच्या जुन्या शहराभोवतीच्या तटबंदीवर चढण्याचे तिकीट हंगामात ४० युरो आहे आणि तेवढ्याच किमतीच्या एका दिवसाच्या पासात तटासह संग्रहालये आणि शहर बसही येते, म्हणून नुसते तटाचे तिकीट घेण्यात काही अर्थ नाही. सासूबाईंनी तट चढणार नसल्याचे आधीच जाहीर केले होते, त्यामुळे त्यांचे तिकीट वाचले. जवळपास दोन किलोमीटरचा तो तट आणि त्याच्या पायऱ्या पाहता त्यांचा निर्णय योग्यच होता.

पिरायसच्या टर्मिनलवर आमची पाळी आली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पारपत्रे घेऊन आधी शेंगेनचे पान उघडले, ‘मल्ट’वर पेन टेकवले आणि लगेच विचारले, “तुर्किये?” मी चारही कागद पुढे केले. तिने ते पडद्यावरच्या नावांशी ताडून बाजूला खूण केली. माँटेनेग्रोबद्दल तिने काही विचारले नाही, कारण त्याचे उत्तर शेंगेनच्या त्याच पानावर होते. शेजारच्या रांगेत एक भारतीय जोडपे होते. त्यांच्याकडे तुर्कस्तानचा व्हिसा नव्हता. ७२ तासांच्या सवलतीचा नियम त्यांनी फोनवर उघडून ठेवलेला होता. काउंटरवरच्या व्यक्तीने तो नियम शांतपणे वाचला आणि तेथेच बसून ई-व्हिसा काढून आणा, असे सांगितले. अर्ज तर झाला, परंतु पैसे भरताना बँकेचा ओटीपी येईना, कारण फोनमध्ये तिथले सिम घातलेले आणि बँकेत नोंदवलेला क्रमांक घरच्या सिमचा. पिशव्या उघडून ते सिम शोधणे, सुईने खाच उघडणे, रोमिंग सुरू होण्याची वाट पाहणे, हे सगळे टर्मिनलच्या बाकावर चालले होते. त्यांना जहाज मिळाले, कारण ते लवकर आलेले होते. परदेशात कार्डाने काही भरण्याची शक्यता असेल, तर नोंदवलेला क्रमांक चालू ठेवावा, ही गोष्ट व्हिसाच्या यादीत कोणी लिहीत नाही, पण ती त्याच यादीत हवी.

जहाजावर चढल्यावर पारपत्रे स्वागतकक्षाकडे जमा झाली आणि आम्हाला खोलीचे कार्ड मिळाले. कुशादासीला उतरताना त्या कार्डाचा पिंग असा आवाज झाला, आणि तेवढ्यावरच आम्ही तुर्कस्तानात होतो. ई-व्हिसा कोणी पाहिला नाही. ऱ्होड्सला मात्र आम्हा व्हिसाधारकांना सकाळी जहाजाच्या एका दालनात बोलावले होते. टेबलामागे ग्रीक पोलीस बसले होते आणि चेहरा व पारपत्र जुळवून शिक्के मारत होते. सगळ्यांचे होईपर्यंत पाऊण-एक तास गेला, तेव्हा अशा पुनर्प्रवेशाच्या बंदरावर स्वतःची सहल ठरवणाऱ्याने सकाळची अगदी पहिली वेळ घेऊ नये.

पारपत्र परत मिळाल्यावर मी शिक्के तपासले. शेंगेनच्या शिक्क्यावर देशाची दोन अक्षरे असतात, आत किंवा बाहेर दाखवणारा बाण असतो आणि कोपऱ्यात प्रवासाच्या साधनाचे लहानसे चित्र असते. अथेन्सच्या शिक्क्यावर विमान होते, ऱ्होड्स आणि दुब्रॉवनिकच्या शिक्क्यांवर जहाज. मुलाला हे फार आवडले, पण माझा हेतू रुक्ष होता. प्रत्येक प्रवेशाच्या आधी बाहेर पडल्याची नोंद आहे ना, हे पाहायचे होते, कारण भारतीय नागरिकांना आधीचे व्हिसा नियमानुसार वापरलेले असतील तर पुढे दोन वर्षांचा व्हिसा देण्याची पद्धत युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये स्वीकारली आहे, आणि तेव्हा वापराचा पुरावा म्हणजे हेच शिक्के होते. आमच्या प्रवासानंतर लगेचच, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे व चेहरा संगणकात नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे.

शेवटच्या रात्री खोलीच्या दाराखालून बिल आत आले. त्यात सँटोरिनी आणि ऱ्होड्सच्या ग्रीक शुल्काची वेगळी ओळ होती आणि रक्कम ऑक्टोबरच्या दरानेच लावलेली होती, ते मी यादीशी ताडून पाहिले. व्हेनिसमध्ये दिवसापुरते येणाऱ्यांवरचे प्रवेशशुल्क २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधील ५४ ठरावीक दिवसांनाच लागू होते. ते चार दिवस आधी भरल्यास ५ युरो आणि उशिरा भरल्यास १० युरो होते, आणि शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट असली तरी तिची नोंद करावी लागे. ऑक्टोबरात आम्हाला यातले काहीच करावे लागले नाही. हॉटेलने दर रात्रीचा पर्यटन-कर तेवढा वेगळा घेतला.